इरलं घातलेली डिश

कल्याणहून जीप निघाली तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि मी ड्रायव्हरला दोनदा सांगून टाकलं होतं, ‘‘तासाभराचं काम आहे. संध्याकाळचा चहा घरी.’’ दोन हजार आठ-नऊची गोष्ट. खेड्यापाड्यांत उपग्रहावरचं इंटरनेट बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तंत्रज्ञ होतो आणि शहापूर-मुरबाडचा पट्टा माझा होता. माझ्या हाताने बसवलेली डिश बंद पडते, हे मला सहसा पटत नसे.

पण किन्हवलीच्या पुढच्या एका गावातली बंद पडली होती. तिथल्या समाजमंदिराच्या खोलीत सुजाता नावाची मुलगी आमचं केंद्र चालवायची. आदल्या दिवशी तिने किन्हवलीला जाऊन ऑफिसात फोन केला. तिला जायचं होतं त्या नर्सिंगच्या कॉलेजने अर्ज फक्त इंटरनेटवरूनच मागवले होते, मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, आणि केंद्रावरचा सिग्नलचा दिवा दोन दिवस लाल. मी म्हटलं, ‘‘कल्याणला ये, इथून भर.’’ तर म्हणाली, ‘‘मग केंद्र कशाला बसवलं?’’ मी जीप ठरवली.

मुरबाडच्या स्टँडसमोर वडापावाला थांबलो. शेअर जीपचा एक चालक आमच्या टपावर बांधलेल्या जादा डिशकडे बघत जवळ आला.

‘‘ही माज्या गाडीवर लावली तं चालत्या गाडीत इंटरनेट व्हईल का?’’

‘‘थांबलेल्या गाडीत होईल,’’ मी म्हटलं. ‘‘हिला आभाळातली एकच जागा बघायची असते. गाडी वळली की हिची नजर चुकते. चालत्या गाडीसाठी वेगळी मिळते, पण तिच्या किमतीत तुमची जीप येईल.’’

‘‘मंग फोनवरच घेतो ना!’’

‘‘मुरबाडात घ्या. सरळगाव सोडलं की फोन नुसता घड्याळ बघायला.’’

तो हसला, पण बोललो ते खरंच होतं. त्या भागात पर्याय मोजकेच. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट जोराचा वारा सुटला की जायचं, मोबाइलचा टॉवर टेकडीमागे राहायचा. उरलं आभाळ, आणि ते कुठूनही दिसतं, असं मी सगळीकडे छाती पुढे काढून सांगत असे.

सरळगावच्या पुढे चाक पंक्चर झालं. त्यानंतर एका मोरीवरून गुडघाभर पाणी वाहत होतं, ते ओसरेपर्यंत बसून राहावं लागलं. दोन्ही बाजूंना लावणी चालू होती. बायका निळ्या-पिवळ्या प्लास्टिकखाली वाकलेल्या. गावात पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते.

जीपमधून उतरलो आणि हसूच फुटलं. अंगणातल्या माझ्या डिशला कोणीतरी इरलं घातलं होतं! इरलं (लावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घ्यायचं, कामट्या आणि पळसाच्या पानांचं विणकाम) मी पाहिलं होतं, पण एवढं मोठं नाही. ओली पानं सिग्नल पिऊन टाकतात. दिवा लाल का, ते मला फाटकातूनच कळलं.

‘‘हा शहाणपणा कोणाचा?’’ मी ओरडलो.

‘‘माजा!’’ पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आनंदाने हात वर केला. ‘‘आठ दिस विनला, सायेब. थेंब नाय शिरनार. तुमीच सांगून गेलता ना, यंत्राला पानी लागू देऊ नका?’’

सांगितलं होतं. उन्हाळ्यात डिश बसवताना, खोलीतल्या मोडेमच्या पेटीबद्दल. बाहेरच्या डिशला पाऊस चालतो, हे सांगायचं मात्र राहिलं होतं. हे काळूबाबा, सुजाताचे शेजारी. प्लास्टिक आल्यापासून त्यांच्याकडे कोणी इरलं मागितलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून ‘इरलं काढा’ म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी तपासणीचं नाटक केलं. वायर उपसली, पुन्हा जोडली. पेटी उघडली, फुंकर मारली. सुजाताने तांदळाची भाकरी आणि टाकळा (पावसाळ्यात बांधावर उगवणारी रानभाजी) वाढला, तोही चवीने खाल्ला. ती एकदा घड्याळाकडे बघे, एकदा माझ्याकडे. चार वाजून गेले.

शेवटी घास गिळून बोललो, ‘‘बाबा, चूक माझी आहे. मी अर्धवट सांगितलं. त्या इरल्यामुळे डिशला आभाळ दिसत नाही.’’

‘‘एवडाच ना?’’ म्हातारा उठला आणि स्वतःच्या हाताने गाठी सोडून इरलं उतरवून ठेवलं. ‘‘मंग काडाचा ना कवाच!’’

दिवा लुकलुकला, हिरवा झाला. सुजाताने कीबोर्ड पुढे ओढला. पाचाला वीस कमी असताना अर्ज गेला. ती खुर्चीत मागे टेकली आणि ओढणीने डोळे पुसले.

काळूबाबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, ‘‘गो, तुला ठाव व्हता?’’

‘‘तुमी घातलं त्याच दिवशी कळलं.’’

‘‘मंग बोलली का नाय? सायबाला कल्यानवरनं आनला?’’

‘‘तुमी आठ दिवस विनलं, बाबा. माज्याच्यानं नाय बोलवलं. म्हटलं, बाहेरचा मानूस सांगेल.’’

 म्हाताऱ्याने जवळ जाऊन तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली. ‘‘येडी गो येडी! इरला मी परत विनला असता. तुजा वरीस गेला असता, तं तो कोनी विनला असता?’’

परतताना मोरीवर पाणी नव्हतं.  मुरबाड जवळ आलं तशी फोनला रेंज आली आणि ऑफिसातून साहेबांचा फोन. बिघाड काय निघाला, त्यांना रिपोर्टात लिहायचं होतं. आभाळातल्या उपग्रहाशी गाठ घालून देणारा मी, अंगणापलीकडच्या म्हाताऱ्याशी एक वाक्य बोलायला तास घालवून आलो होतो.

‘‘डिश ठीक होती, साहेब,’’ मी म्हटलं. ‘‘दोन माणसं गप्प बसली होती. त्यांतला एक मी.’’