माती झटकू नको

ज्यांच्या हाताखाली मी कुस्ती शिकलो ते वस्ताद गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. गावाकडचा एक जण बोईसरला कामाला आला, त्यानं बोलता बोलता सांगितलं. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही सातारा भागातली बरीच माणसं त्या कामावर होतो, पण माझ्या खोलीत सगळे हिंदी बोलणारे. रडायचं तरी कुणापुढे? मी ताटावरून उठलो आणि जवळच्या पाम गावाच्या रस्त्याला लागलो.

तिथे एका शेंदरी मारुतीशेजारी मी कुडाची तालीम बांधली होती. नव्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात, जुन्या तालमीची मूठभर माती मिसळायची ही आमच्याकडची रीत. वस्ताद तिला विरजण म्हणायचे. निघताना त्यांनी ती माझ्या पंच्यात बांधून दिली होती. पण विरजण असून माझं दही काही लागेना. पोरं यायची, चार दिवस मातीत घुमायची आणि पांगायची. शेवटी उरला तो उमरोळीकडच्या पाड्यावरचा लहानू, आमच्याच कामावर खडी वाहणारा. पालघरच्या जत्रेत तो सगळ्यांदेखत चीत झाला. घाईघाईनं पाठ झटकत म्हणाला, "माज्यानं नाय होनार, वस्ताद," आणि यायचा थांबला.

मी हरलो की आमचे वस्ताद एवढंच म्हणत, "माती झटकू नगंस." ती मला शिक्षा वाटायची. पडलास ना, मग मिरव आता गावभर, असा त्याचा अर्थ मी लावला होता. तसलं बोलणं लहानूला ऐकवायला माझी जीभ रेटली नाही. आता तर विचारायला माणूसच राहिला नव्हता. मारुतीपुढे उभं राहून मी म्हटलं, देवा, तूच सांभाळ ही जागा, माझ्याच्यानं होत नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी हौदा बुजवायला गेलो. पावसाळा सरत आला होता, छप्पर गळून माती चिकट झाली होती. वस्तादांची मूठभर माती तेवढी परत न्यावी, असं मनात आलं. खाली उतरलो, वाकलो आणि खुळ्यासारखा बघत बसलो. यातली त्यांची कुठली आणि इथली कुठली? वळताना पाय सरकला आणि मी माझ्याच हौद्यात, समोर कुणी जोडीदार नसताना, चितपट पडलो. हसू यायला हवं होतं. मी लहान पोरासारखा रडलो.

तेवढ्यात कुणीतरी हात पुढे केला. जवळच्या दांडी गावची मासळीवाली म्हातारी होती, पाटी बाहेर ठेवून आत उतरलेली. बाईमाणसानं हौद्यात पाय ठेवायचा नाही, हे मला तिचा हात धरल्यावर आठवलं. उठलो आणि सवयीनं पाठ झटकायला लागलो.

"झटकू नको, बाबा," ती म्हणाली. "माती वली हाय, पसरंल. वालू दे, मंग आपोआप पडंल."

पाटी डोक्यावर घेऊन ती गेलीसुद्धा. मी तिथेच मारुतीपुढे बसलो. पाठ वाळेपर्यंत बसलो. वस्ताद अर्धंच बोलत असत, उरलेलं मी कधी विचारलंच नव्हतं. पुढे दांडीत जाऊन तिची चौकशी केली, तर लोक हसले. "अशा म्हाताऱ्या हितं घरोघरी हायत," म्हणाले. ती मला पुन्हा दिसली नाही.

त्या दिवशी मी तसाच उमरोळीला चालत गेलो. लहानूला घडलेलं सगळं सांगितलं, माझं चीत होणंही. तो हसला. सोमवारी तालमीत आला.

आज त्याची स्वतःची तालीम आहे. विरजण माझ्या हौद्यातलं. लोक मला म्हणतात, तुम्ही मोठा वस्ताद घडवलात. परवा त्याच्याकडे गेलो होतो. एक पोर हरून उठलं आणि पाठीकडे हात नेऊ लागलं. लहानूनं त्याचा हात धरला. "माती झटकू नको. वालू दे."

अर्धं वस्तादांचं, अर्धं त्या म्हातारीचं. माझं त्यात काहीच नाही. मी तिथल्या मारुतीला हात जोडले आणि फार दिवसांनी मला एकटं वाटलं नाही.