चिंधी बांधलेला दोडका

दोडक्याच्या शेवटच्या चार बिया शेजारच्या शांताकाकूंनी मला दिल्या. म्हणाल्या, "एक दोडका वेलावरच वाळू दे, त्यातलं बी मला परत दे."

खिडकीतल्या तेलाच्या डब्यात वेल लागला. गावी आई बांधते तशी, चुकून तोडला जाऊ नये म्हणून, मी बियाण्याच्या दोडक्याच्या देठाला चिंधी बांधली. पण कबुतरं टोचतील या धास्तीनं तो हिरवाच तोडला. आत बी पांढरं, मऊ. मलाही घरच्यांनी सातवीतून असंच धास्तीनं काढलं होतं.

काकू हसल्या, "तुला दोडका म्हातारा झालेला बघवत नाही होय गं?"

वेल सुकलाय. रिकाम्या देठाला चिंधी तेवढी आहे. काकू, गावी जाईन तेव्हा आईच्या वेलाचं काळं, वाळलेलं बी तुमच्या ओंजळीत घालीन. ते तुमचं नव्हे, ठाऊक आहे.