फ्लेक्सवरचा इंग्रजी शब्द

बायको गेली त्याला आता चार महिने झाले. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. सारी वर्षं तिनं मला "अवो" म्हणूनच हाक मारली. मग नात मुरबाडला कॉलेजात जायला लागली आणि रोज संध्याकाळी एक गमतीचा इंग्रजी शब्द घरी आणायला लागली. मी चौथी शिकलेला, बायको तेवढीही नाय. पण शब्द तिच्याच तोंडात पटकन बसायचे. अंगणात कोंबड्या रेंगाळल्या की त्यांना म्हणायची, लॉलीगॅग नको गो. शेजारी आरडाओरडा झाला की हल्लाबलू.

एक दिवस तिनं मला कर्मजन म्हटलं. मी अर्थ विचारला. घरातला कर्ता, मोठा माणूस, असं तिनं सांगितलं. नात खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मी खूश. भाताच्या आवणीला बाया चिखलात वाकलेल्या असायच्या आणि ही त्यांच्यातून मला ओरडायची, "अवो कर्मजन, चहा आणा." बाया हसायच्या. मला वाटायचं, कौतुक चाललंय. किटली घेऊन ऐटीत जायचो.

ती वारल्यावर टोकावड्याच्या नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं. मी म्हटलं, खाली माझ्या नावापुढं कर्मजन टाका, ती मला तशीच हाक मारायची. नात म्हणाली, "आबा, नको ना." कारण काय सांगितलं नाय. मी हट्ट सोडला नाय.

दहाव्याला शेणव्याहून व्याही आले, रिटायर मास्तर. फ्लेक्स वाचून त्यांनी मला बाजूला घेतलं. हे कुणी लिहायला लावलं, विचारलं. मग त्या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ सांगितला. खडूस, सदा करवादणारा म्हातारा.

घरी येऊन नातीला विचारलं. ती रडायला लागली. आजीनं शपथ घातली होती म्हणे. सुनेला ठाऊक होतं, आवणीच्या बायांना ठाऊक होतं.

"चेष्टाच होती आबा."

"मग मलाच का नाय सांगितली गो?"

दुसरा फ्लेक्स छापून आणते म्हणाली. मी नको म्हटलं. ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं.

खडूस आहे मी, मला काय ठाऊक नाय? मीठ कमी पडलं म्हणून भरलं ताट सरकवलंय. पण तिनं हे मला तोंडावर, मला कळंल अशा भाषेत सांगायला पायजे होतं. मी सुधारलो असतो असं नाय. भांडलो असतो. तिनं तेवढंही ठेवलं नाय माझ्यासाठी.