भागाकार चालू आहे

अख्ख्या वऱ्हाडात भागाकाराला माझ्या गुरुजींइतका वेळ दुसऱ्या कोणी दिला नसेल. दर्यापूरकडच्या आमच्या गावात ते बदलून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी, एक छत्री आणि चिंचोक्यांनी भरलेलं पोतं होतं. पोतं पाहून गावाला वाटलं, माणूस मास्तरकीच्या जोडीला काही व्यापारही करत असावा. ते चौथीचं गणित होतं. गुरुजींच्या मते भागाकार नावाची वेगळी गोष्टच जगात नव्हती. न कंटाळता केलेली वजाबाकी म्हणजे भागाकार. "ढीग घ्या. बारा-बारा काढत जा. जितक्या खेपा काढले तो भागाकार, उरले ते बाकी. याच्यात रडाचं काय हाय बे?" असं म्हणून ते स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटत. पाढे पाठ असलेल्या पोरांनाही सूट नव्हती. "पाढा म्हणजे दुसऱ्यानं मोजून ठेवलेलं. तू मोज." एकदा चिंचोके भिजले म्हणून आम्ही सरकीचा ढीग घेतला, तर पाण्याची घंटा होईस्तोवर एका गाईनं निम्मा भाज्य खाऊन टाकला. गुरुजींनी तिला हाकललं नाही. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "वजाबाकी बरोबर करून राहिली. घास तेवढे सारखे नाहीत."

शाळा सुटायची तीही याच रीतीनं. घंटा झाली की आम्ही आवारात उभे राहायचो आणि गुरुजी चार-चार पोरं काढून फाटकाबाहेर सोडत. कोण कोणाचं पोर, कोणत्या मोहल्ल्याचं, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. हाताशी येतील ते चार. त्यामुळे ज्यांच्या घरचे लोक एकमेकांच्या अंगणात पाय ठेवत नव्हते, त्यांची पोरं रोज एका चौकडीत घरी जात. काही लोकांनी येऊन विचारलं, तर गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "मी नाही करून राहिलो जी. ते भागाकारात होते." शेवटी जे एक-दोघं उरत ती बाकी. बाकीनं मात्र घरी जायचं नसे. गुरुजींच्या शेजारी ओट्यावर बसायचं, त्यांच्या डब्यातली दशमी नाहीतर संत्र्याच्या फोडी खायच्या आणि त्यांनी विचारलं तर घरचं सांगायचं. "भागले ते गेले. उरले ते आपले," असं ते म्हणत. आम्ही बाकी होण्यासाठी ढकलाढकली करायचो. मी बारीक होतो, मला मागे सरकणं जमायचं.

गावानं एकदा या विद्येचा उपयोग करून घ्यायचं ठरवलं. एका लग्नात पंगती किती बसतील असा प्रश्न निघाला आणि कोणीतरी गुरुजींना विचारलं. दुसरा असता तर अंदाजानं सांगून मोकळा झाला असता. गुरुजींनी अख्खं वऱ्हाड मांडवात उभं केलं आणि पंगतीपंगतीनं बाहेर काढायला लागले. भात निवला. शेवटी नवरदेवाचा मामा एकटाच बाकी राहिला आणि रुसून बसला. "मले काहून उरवलं?" गुरुजींनी त्याला आपल्या शेजारी बसवलं, आपल्या पानातला लाडू त्याच्या पानात ठेवला आणि जेवण संपेपर्यंत त्याच्या घरचं विचारत राहिले. मामा जाताना त्यांना नमस्कार करून गेला.

माझा प्रश्न वेगळा होता. इंदूरला माझ्या मावशाची खानावळ होती आणि त्यानं हाताखाली पोरगं मागितलं होतं. घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती, त्यामुळे बाबा एका सकाळी शाळेत येऊन दाराशी उभे राहिले. "गुरुजी, पोट्ट्याले नेतो म्हणतो जी." मी चिंचोक्यांच्या ढिगाआड वाकलो. मला जायचं नव्हतं; पण ते म्हणायची आमच्या घरी पद्धत नव्हती. गुरुजींनी डोळे उघडले. "काहून नेता? भागाकार अर्धवट हाय त्याचा. अर्ध्या भागाकारानं परमुलखात जाईन तर लोक काय म्हणतीन?" बाबा विचारात पडले. शेतात निंदायला घेतलेली तासाची पात मधे सोडायची नसते, हे त्यांना पटत होतं. "मंग तेवढा होऊ द्या," म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून माझा ढीग वाढायला लागला. बाबा बाजाराला जाताना खिडकीत डोकावून विचारत, "झाला का जी भागाकार?" गुरुजी म्हणत, "चालू हाय." दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, भागाकार चालू होता. मी ढिगाच्या तळाशी पोचायला आलो की गुरुजी पोत्यातून आणखी एक ओंजळ आणून ओतत आणि म्हणत, "हे राहलेच होते." मला वाटे, गुरुजींना मोजता येत नाही. गावालाही तसंच वाटे.

मग शाळा तपासायला साहेब आले. पुण्याकडचे होते, मनानं चांगले. नऊशे बारा भागिले बारा असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. आम्ही सारे पोत्याकडे पळालो तेव्हा त्यांना हसू आलं. त्यांनी मलाच बोलावलं, हाती खडू दिला आणि ती पायऱ्यापायऱ्यांची रीत शिकवली. बारा साते चौऱ्याऐंशी, वरचे दोन खाली, बारा सक बहात्तर. मला ती लगेच आली. इतकी सोपी, की मला भीती वाटली. साहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास! झाला की तुझा भागाकार."

खिडकीत बाबा होते. त्यांनी साहेबांना हात जोडून विचारलं, "झाला नं जी?"

"उत्तम झाला!"

गुरुजी उठून फळ्यापाशी आले. "आन् बाकी, साहेब?"

"बाकी शून्य."

"हाव," गुरुजी म्हणाले. "मंग कोणी उरत नाही."

मी इंदूरला निघालो तेव्हा अकोल्याच्या गाडीत बसवायला गुरुजी स्वतः आले होते. बाबा तिकिटाच्या रांगेत असताना त्यांनी माझ्या हातात चिंचोक्यांची एक पुरचुंडी दिली. "किती हायेत ते सांगत नाही. बारा-बारा काढत जा. पुरा झाला की येऊन सांगजो." मी विचारलं, साहेबांच्या रीतीनं करू का. "ते तुले येतेच," ते म्हणाले. "मलेही येते."

इंदूरला येऊन मला आता पुष्कळ वर्षं झाली. खानावळीत जेवायला येणारे विचारतात, शिकलास किती, तेव्हा मी आमटी आणायला आत जातो. दुपारी भांडी झाली की मी पुरचुंडी सोडतो आणि बारा-बारा काढत जातो. शेवटची मूठ राहिली, की मी सगळे परत ओततो.

गेल्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचे यजमान येऊन गेले. गुरुजी आता थकले आहेत, अचलपूरला लेकीकडे असतात, पण आमच्या गावचं कोणी भेटलं की एकच गोष्ट विचारतात, असं ते सांगत होते.

"काय विचारतात?"

"झाला का त्याचा भागाकार?"

मी त्यांना गरम पोळी वाढली आणि म्हटलं, "चालू हाय म्हणा."