निर्गुडीचा पाला आणि अमेरिकेतला गार्ड

सरक जरा, जवळ बस. नगरला बसून हे पत्र वाचत असलीस तरी जवळ आहेस असं धरते. फोनवर सगळं बोलतेस, आणि गुडघ्याचं विचारलं की नेमकी तुझी रेंज जाते. असं वागतात होय गं आजीशी?

त्या अमेरिकेतल्या गड्याचं वेड तूच लावलंस मला. शेंगा फोडायला बसले की मोबाईल माझ्यापुढं. बास्केटबॉलमधला गार्ड म्हणजे चेंडू आपटत पुढं आणून दुसऱ्याच्या हातात देणारा, हेही तूच शिकवलंस. शाळेत तू तेच खेळायचीस. ताडासारख्या माणसांत तो बुटका. पहिल्या वर्षी नुसता बाकावर. मग असा सुटला की कुणाला धरता येईना! रोज त्याचं एकेक वर्ष दाखवायचीस. एके दिवशी तो उडी मारून खाली आला आणि गुडघा धरून लोळला. दोघांनी उचलून बाहेर नेला. मी म्हणाले, "बंद कर ते. पुढचं न्हाई बघायचं मला."

त्याच आठवड्यात तू मैदानावरून मैत्रिणीच्या खांद्याला धरून लंगडत आलीस. शेंगा तशाच टाकून मी ओट्यावर धावले.

"आजे, कडकन वाजलं गं."

मी तेल कोमट केलं, खसाखसा चोळलं, निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून घट्ट बांधला. घरातल्या सगळ्यांचे पाय असेच बरे केले होते. सकाळी सोडलं तर गुडघा भोपळ्याएवढा!

श्रीगोंद्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, ताज्या दुखापतीला शेक? वर चोळलंत पण? बर्फ लावायचा होता." मी दोन्ही हात पदराखाली घेतले. याच हातांनी नातीचा खेळ संपवला की काय?

बाहेर बाकावर तूच मला हसवत होतीस. "आजे, आता डोकं दुखलं तरी बर्फच लावशील तू."

"त्या गड्याचं पुढं काय झालं गं?"

"ऑपरेशन झालं. परत आला. उडी पहिल्यासारखी न्हाई राहिली, मग डोक्यानं खेळला. लई वर्षं. आता निवृत्त झालाय."

"खरं का माझी समजूत काढतेस?"

तू मोबाईल पुढं केलास. मी डोळे मिटून घेतले.

तुझंही ऑपरेशन झालं. आता तू परत खेळतेस म्हणे. पण मी त्याचं पुढचं पाहिलेलं नाही, आणि तुझंही. फोन वाजला की वाटतं, तू पडलीस.

फ्रीजमध्ये बर्फ करून ठेवलाय. पाल्याला हात लावणार नाही. लवकर ये. ओट्याच्या तीन पायऱ्या माझ्यासमोर चढ, मग दोघी मिळून त्याचं उरलेलं बघू.