जिवंत निवट्या
हळद लावलेल्या मासळीचा वास आला की मला पनवेलमधली एक सकाळ आठवते. तुमची आई तेव्हा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात निवट्यांचा, म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांचा, अभ्यास करत होती. तिथल्या एकुलत्या एका यंत्रावर तिची पाळी खूप वाट पाहून त्या दुपारी आली होती. विद्यापीठात न्यायला निवट्या हव्यात, असं मी नेहमीच्या कोळणीला सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही मायलेकी दारात फेऱ्या घालत होतो. कोळणीनं येऊन टोपलीवरचं फडकं काढलं, तर निवट्या कापून हळदमीठ लावलेल्या. "मास्तरांना द्यायच्या म्हनून साफ करून आनल्या, बाय." "अहो मावशी, जिवंत हव्या होत्या," तुमची आई रडकुंडीला आली. "जित्या? मास्तर कच्च्याच खातात का?" मग तिचा चेहरा बघून कोळणीनं टोपली माझ्याकडे दिली. "चल गो, अजून ओहोटी हाय." दोघी खाडीवर गेल्या. तुमची आई गुडघाभर चिखलानं माखून, निवट्यांचा डबा घेऊन परस्पर एसटीकडे पळाली. आमच्या घरी फोन नव्हता. संध्याकाळी ती दारातूनच "झालं काम" म्हणाली, तोवर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुमच्या परीक्षांच्या दिवशी माझं आजही असंच होतं. पेपर संपला की आधी मला फोन करत जा.