तुकारामचे बत्तीस दात

"बाई, त्याचे सगळेच दात काढून टाका. माणूस लवकर मशीनवर उभा राहायला हवा," आमचे मेडिकल ऑफिसर फोनवर सांगत होते. तो माणूस, पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपचा तुकाराम, माझ्यासमोर खुर्चीत बसून ऐकत होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी दातांची डॉक्टर होते. बऱ्याच डॉक्टरांचा तेव्हाही ठाम समज होता की सांधे दुखतात ते दातांतला पू अंगात भिनतो म्हणून. दात काढा, सांधे मोकळे. या समजापायी धडधाकट माणसं चाळिशीत कवळी लावून फिरत. तुकारामची कंबर आणि पाय दुखायचे, खाडे वाढले होते, पर्सोनेल खात्याने शेवटची ताकीद दिली होती. सुपरवायझर त्याला ढोंगी म्हणायचा. दात काढूनही दुखणं राहिलं असतं, तर ढोंगावर शिक्का बसून नोकरी गेली असती आणि भोसरीतलं बिऱ्हाड गुंडाळावं लागलं असतं.

मी दात हलवून बघितले. हलत होते खरे. पण हिरड्या गुलाबी, घट्ट. पू नाही, कीड नाही. मला ते काही पटेना.

"काढा बाई," तुकाराम म्हणाला. "दात ग्येले तर ग्येले. नोकरी ऱ्हायली पायजे."

मी त्याला गप्प बसवलं आणि एक्स-रे काढले. दाताच्या मुळाभोवती हाडाची बारीक पांढरी रेघ दिसते, विहिरीच्या कठड्यासारखी. तुकारामच्या एकाही दाताला ती नव्हती. एका दाताची गेली तर दोष दाताचा. सगळ्यांची गेली म्हणजे हाडच झिजतंय. मुतखडा झाला होता का, असं मी विचारलं.

"व्हय, दोनदा. तुमाला कुनी सांगितलं?"

माझा संशय पक्का झाला. गळ्यात, थायरॉइडच्या मागे, डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. त्यातली एखादी माजली, की हाडांतलं कॅल्शियम उपसत सुटते. हाडं दुखतात, मूत्रपिंडात खडे होतात. जबडाही हाडच, मग दात कशाच्या आधाराने उभे राहणार?

एक्स-रेची फिल्म घेऊन मी तडक मेडिकल ऑफिसर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते हसले. "आता दातांच्या डॉक्टरने हाडांचं निदान करायचं?"

"जबडा हाडाचाच असतो सर, आणि तो माझ्याकडे पाठवलाय. मी एकही दात काढणार नाही. पुण्याला पाठवून रक्तातलं कॅल्शियम तपासा. नॉर्मल निघालं तर बत्तीसच्या बत्तीस मी स्वतः काढीन."

बोलून गेले खरी, पण रिपोर्ट येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं. पुण्याच्या सर्जनने तुकारामच्या गळ्यातून चिंचोक्याएवढी गाठ काढली. साहेब स्वतः खाली माझ्या खोलीत आले. चुकलो वगैरे म्हणाले नाहीत. "ती रेघ कुठे दिसते ते जरा दाखवा," म्हणाले. मी खुर्ची पुढे केली आणि सावकाश, चवीने दाखवलं. इतका अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

पर्सोनेलने ताकीद मागे घेतली. काही महिन्यांनी तुकाराम प्रेसवर उभा राहिला. तपासायला आला तेव्हा मी त्याचे दात बोटांनी हलवून पाहिले. बहुतेक सगळे घट्ट बसले होते.

पुढे हाताखाली येणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगत असे: दात हलला, तर चिमटा उचलण्याआधी तो कशात रोवलाय ते बघा. काढलेला दात परत बसत नाही, आणि काढलेल्या कामगाराला कंपनी परत घेत नाही.